वाचलंस, पण दिसलं काय?

'टिमळ्या गुमटाने ओरसात तीन लिंबुकं खवदली.'

हे वाक्य मी मनाने रचलं आहे. त्यातला 'तीन' सोडला तर एकाही शब्दाला अर्थ नाही. तरी खालचे प्रश्न सोडवून बघा. गुमट कसा होता? टिमळा. त्याने लिंबुकं कुठे खवदली? ओरसात. किती? तीन. सगळी उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. 'टिमळ्या'चं 'टिमळा'सुद्धा तुम्ही कुणी न सांगता केलंत, कारण मराठी तुमच्या जिभेवर आहे. पण गुमट म्हणजे माणूस की पक्षी, लिंबुकं खातात की पेरतात, यातलं काहीच तुम्हाला कळलेलं नाही.

पहिली-दुसरीतली पुष्कळ मुलं असंच वाचतात. धड्याखालचा प्रश्न बघायचा, त्यातला एखादा शब्द धड्यात शोधायचा आणि सापडलं की ते वाक्य वहीत उतरवायचं. वही तपासणाऱ्याला वाटतं, धडा कळला. आईबाबांना वाटतं, पोर वाचायला लागलं. पुढे चौथी-पाचवीत गणिताचं शाब्दिक उदाहरण येतं, परिसर अभ्यासाचा लांब परिच्छेद येतो आणि तेच मूल अडून बसतं. मग आपण म्हणतो, याचं लक्ष नाही. लक्ष असतं. वाचताना डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहायला हवं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी नवी मुंबईत, ऐरोलीत राहते. दर शनिवारी सकाळी तुर्भ्याच्या एका वस्तीत पंधरा-वीस मुलांना घेऊन वाचायला बसते. तिथे जे शिकले, ते आपल्या मुलाला नुकतंच वाचता येऊ लागलेल्या पालकांसाठी आणि पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी लिहिते आहे.

आपल्या लिपीची एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. देवनागरी बरीचशी लिहिली तशी वाचता येते. अक्षरं, काना-मात्रा आणि जोडाक्षरं पक्की बसली की मूल स्तोत्रही वाचेल आणि शासन निर्णयही. त्यामुळे खणखणीत वाचनावरून समज ओळखता येत नाही. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषेची समज, म्हणजे वाचन. त्यांनी बेरीज घेतली नाही, गुणाकार घेतला. दोहोंतलं एक शून्य असेल तर दुसरं कितीही असो, हाती शून्यच येतं.

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. 'निपुण' हे एका लांब इंग्रजी नावाचं लघुरूप आहे आणि 'समजून वाचणं' हे त्या नावातच आहे. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द वाचावेत आणि तेही अर्थासह, असं उद्दिष्ट आहे. पालकसभेत मात्र 60चा आकडा तेवढा लक्षात राहतो आणि अर्थ मागे पडतो. घरात घड्याळ लावून मुलांना पळवणारे पालक मी पाहिले आहेत. असं करू नका. वाचन फारच अडखळत होत असेल तर समजायला जागा उरत नाही हे खरं. 'प्रकाश'मधला 'प्र' लावता लावता मुलाची सगळी शक्ती संपली, तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्यावर उपाय म्हणजे तोच छोटा मजकूर दोन-तीनदा वाचणं. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून वाचा, शेवटी त्याला एकट्याला वाचू द्या. तिसऱ्या वेळी अक्षरं आपोआप सुटतात आणि मन अर्थाकडे वळायला मोकळं होतं.

आपल्या मुलाचं नेमकं कुठे अडतं आहे हे ओळखायची एक युक्ती सांगते. त्याला न कळलेला परिच्छेद तुम्ही स्वतः सावकाश, नीट वाचून दाखवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. ऐकून उत्तर आलं तर भाषा पुरेशी आहे, अडचण अक्षरांची आहे, वाचनाचा सराव वाढवा. ऐकूनही उत्तर आलं नाही तर शंभरदा वाचून घेऊन उपयोग नाही. मग अडचण शब्दांची असते, नाहीतर त्या विषयाच्या ओळखीची. दोन मिनिटांची ही तपासणी न केल्यामुळे कित्येक मुलांना चुकीचं औषध मिळतं. ज्याला गप्पांची गरज आहे त्याला बाराखडी घोटायला बसवतात, आणि ज्याची बाराखडी कच्ची आहे त्याला गाईड आणून देतात.

विषयाची ओळख किती काम करते हे मला चार ओळींच्या एका गोष्टीने शिकवलं. गोष्ट मीच लिहिली होती:

'सकाळी खाडीला ओहोटी होती. आजोबा होडीजवळ बसून फाटलेलं जाळं शिवत होते. नंदूने धावत येऊन वल्ही उचलली. आजोबा हसले. म्हणाले, "बस जरा. दुपारी जाऊ."'

माझ्या शेजारच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या एका दुसरीतल्या मुलीने ती एकही चूक न करता, स्वल्पविरामाला थांबून वाचली. आजोबा का हसले, असं विचारल्यावर म्हणाली, "नंदू लहान आहे म्हणून." दुपारी का जायचं? "आजोबा दमले असतील." उत्तरं वाईट नाहीत, तिने विचार केला होता. त्याच आठवड्यात सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या, तिच्याच वयाच्या एका मुलाला मी ती गोष्ट दिली. तो 'ओहोटी'ला अडला, 'वल्ही'ला अडला. मी म्हटलं, ओहोटी म्हणजे सुकती रे. तो शेवटपर्यंत पोचलाच नाही, मध्येच हसायला लागला. "पानी नाय, होरी चिखलान रुतंल!" पाणी नाही, तर होडी चिखलात रुतणार. भरती येईल तेव्हा निघायचं. गोष्टीत न लिहिलेलं सगळं त्याने वाचलं होतं.

अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 साली बेसबॉलवरचा उतारा मुलांना देऊन हेच पाहिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आमच्याकडे ते खाडीच्या काठावर दिसलं. आणि उलटही होतं. 'लिफ्ट बंद होती, म्हणून दूधवाल्याने पिशव्या गेटवरच ठेवल्या' हे वाक्य त्या मुलीला क्षणात कळेल, बैठ्या घरात वाढलेल्या मुलाला त्यात काय विशेष ते समजावून द्यावं लागेल. कुठल्याही मुलाला 'कच्चा वाचक' म्हणण्याआधी मजकूर कुणाच्या जगातला आहे, हे बघायला हवं.

म्हणून वाचनाआधीची पाच मिनिटं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. चित्र बघा, शीर्षक वाचा आणि बोला. शक्य असेल तर त्या गोष्टीजवळ घेऊन जा. ठाणे खाडीचा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ऐरोलीच्या बाजूला ते गुलाबी थवे दिसतात. जे मूल चिखलात चोच उलटी घालून खाणारा फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी, एकदा बघून आलं, त्याला पाणथळ जागेवरचा परिच्छेद वेगळ्याच सहजतेने कळतो. मोठी सहल काढायची गरज नाही. एपीएमसीच्या भाजीबाजारात एक फेरफटका मारला तरी आवक, गोणी, घाऊक, किरकोळ, वजनकाटा एवढे शब्द डोळ्यांनी बघून होतात.

घरच्या बोलीचं काय करायचं, हा प्रश्न नवी मुंबईत प्रत्येक वर्गात असतो. ठाणे आणि रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. त्या गावांमध्ये आगरी-कोळी बोली आहे. शिवाय बाजारपेठेतल्या माथाडी कामगारांची सातारा-सांगलीकडची मराठी आहे, मराठवाड्यातून आलेल्यांची आहे, नाक्यावर काम शोधणाऱ्या कुटुंबांची बंजारा आहे, आणि वर हिंदी. महापालिकेच्या मराठी शाळेत हे सगळे एका बाकावर बसतात. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न'. 'गाडी' हा शब्द मूल 'गारी' असा वाचतं, तेव्हा ते चुकलेलं नसतं. त्याने अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ ओळखला आणि आपल्या घरच्या उच्चारात सांगितलं. हे समजून वाचल्याचं लक्षण आहे. अशा वेळी मध्येच तोडून 'गारी नाही, गाडी' असं म्हटलं तर मूल पुढच्या वेळी अर्थ सोडून फक्त उच्चार सांभाळतं. प्रमाण उच्चार नंतर येतो, त्याची घाई नको. गोष्ट सांगताना तर मुलाला हव्या त्या भाषेत सांगू द्या. हिंदीत सांगितली तरी चालेल. त्याला काय कळलं ते आपल्याला जाणून घ्यायचं आहे.

मराठी वाक्यात दोन जागा अशा आहेत जिथे लहान वाचक हमखास घसरतात आणि मोठ्यांच्या ते लक्षातच येत नाही. पहिली जागा सर्वनामांची. 'राजूने बंटीला पाहिलं. त्याने त्याला त्याची पाटी दिली.' पाटी कुणाची, दिली कुणी, कुणाला? अशा वाक्यावर थांबा आणि दोन मुलांना उभं करून ते करायला लावा. हातात खरी पाटी द्या. तिघा-चौघांचं भांडण होतं, वाक्य पुन्हा वाचलं जातं, आणि त्या भांडणातच वाचन शिकवून होतं. दुसरी जागा 'तरी', 'म्हणून', 'कारण', 'तोपर्यंत', 'नाहीतर' या वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची. मुलं ते वाचतात पण त्यांच्यावरून घसरत जातात. मी वाक्य अर्धं सोडते. 'पाऊस पडत होता, म्हणून आई...' आणि 'पाऊस पडत होता, तरी आई...' पुढचं मुलांनी पुरं करायचं. पहिल्यात आई घरी थांबते, दुसऱ्यात छत्री घेऊन निघते. एका शब्दाने आईची दिशा बदलली, हे मुलांना फार आवडतं. स्वयंपाक करता करता, बसच्या रांगेत उभं राहून, कुठेही खेळता येतो असा हा खेळ आहे. यासाठी पुस्तकही लागत नाही.

नवे शब्द आधीच सगळे सांगून टाकू नका. धड्यात दहा अनोळखी शब्द असतील तर ज्यांच्याशिवाय गोष्ट चालणारच नाही असे दोन-तीन निवडा, ते करून दाखवा, बाकीचे वाचताना भेटू देत. कुठला शब्द अडला हे नेहमी विचारून कळत नाही, कारण आपल्याला तो माहीत आहे असंच मुलाला वाटत असतं. यासाठी चित्र काढायला सांगणं सर्वांत चांगलं. एकदा मी गोष्ट दिली होती, 'आजीने परसातली भाजी आणली.' वाचून झाल्यावर सगळ्यांनी चित्र काढलं. एका मुलीने साडी नेसलेली आजी काढली, तिच्या हातात चेन असलेली मोठी पर्स, आणि पर्समधून डोकावणारी मेथीची जुडी. मी ते चित्र बराच वेळ बघत राहिले. तिची आई रोज कामावरून येताना स्टेशनबाहेर भाजी घेते आणि खांद्यावरच्या पिशवीत घालून आणते. तिच्या जगात आजीची भाजी पर्समधूनच येणार. मुलीने अर्थ लावला होता, आणि तो सुसंगत लावला होता. तिच्याकडे फक्त घरामागच्या जागेचा 'परस' हा शब्द नव्हता, आणि असणार तरी कुठून? वहीतल्या 'आजीने काय आणले?' या प्रश्नाला तिने 'परसातली भाजी' असं अचूक उत्तर लिहिलं होतं. चित्र नसतं तर मला काहीच कळलं नसतं.

प्रश्न विचारायचे तर कसे? उत्तर जसंच्या तसं मजकुरात मिळेल असा एखादा सुरुवातीला असू द्या, मुलाला धीर येतो. त्यानंतर दोन वाक्यं जोडल्याशिवाय उत्तर येणार नाही असा विचारा. मग गोष्टीबाहेरचा, म्हणजे 'तू तिथे असतास तर?' आणि उत्तर चूक येवो की बरोबर, पाठोपाठ विचारा, "तुला कसं कळलं?" माझ्या अनुभवात याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नाही. मूल पुन्हा पानाकडे वळतं, बोट ठेवून ओळ दाखवतं, कधी स्वतःच म्हणतं, "अरे, नाही नाही." मात्र हा प्रश्न फक्त उत्तर चुकल्यावर विचारलात तर मुलं आठवड्याभरात ओळखतात आणि घाबरतात. बरोबर उत्तरालाही तो विचाराच. आणि अधूनमधून प्रश्न विचारायचं काम मुलांकडे द्या. शिक्षकाच्या खुर्चीवर बसून प्रश्न काढायचे तर धडा वेगळ्या डोळ्यांनी वाचावा लागतो.

वाचलेलं हातांनी करून बघता येईल असा मजकूरही द्या. लिंबू सरबताची कृती चार ओळींत लिहा आणि मुलाला एकट्याला करू द्या. 'साखर विरघळल्यावर मीठ घाला' यातलं 'विरघळल्यावर' कळलं की नाही, ते पेल्यातच दिसतं.

सुरुवातीच्या वाचनातही अर्थ पहिल्या दिवसापासून असावा. सगळी वर्णमाला, मग सगळी बाराखडी, मग शब्द, मग वाक्य अशा क्रमाने गेलं तर मूल कित्येक महिने निरर्थक आवाज काढत राहतं आणि वाचन म्हणजे हेच, अशी त्याची समजूत होते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी वेगळी वाट घेतली. थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं यांचा छोटा गट शिकवायचा आणि तेवढ्यातून तयार होणारे ओळखीचे शब्द, वाक्यं लगेच वाचायला द्यायची. घरीही हे करता येतं. क, म, ल, ब एवढी अक्षरं आणि काना आला की 'काका', 'बाबा', 'मला', 'काम', 'लाल' असे शब्द होतात. 'बाबाला काम' एवढं वाचून मूल बाबांकडे बघून हसलं, की वाचन सुरू झालं.

आता इंग्रजी शाळांतल्या मराठी मुलांबद्दल, कारण आपल्या शहरात त्यांची संख्या मोठी आहे. पहिली-दुसरीत ही मुलं इंग्रजी धडा घडाघडा म्हणतात आणि घरी इंग्रजी न येणारी आई धास्तावून गप्प बसते. एका आईला शाळेतून सांगितलं होतं की घरी मराठी बोलू नका, मुलाचं इंग्रजी बिघडेल. तिने ऐकलं, आणि वर्षभर त्या घरात मुलाशी धड गप्पाच झाल्या नाहीत. हा सल्ला चुकीचा आहे. मुलाची समज ज्या भाषेत वाढते, ती भाषाच बंद केली तर दुसऱ्या भाषेतलं वाचन उभं कशावर राहणार? धडा इंग्रजीत वाचू दे, पण काय घडलं ते त्याला मराठीत सांगू दे. सांगता आलं नाही तर धडा कळलेला नाही, आणि हे ओळखायला आईला इंग्रजी येण्याची गरज नाही.

जे पालक स्वतः वाचू शकत नाहीत त्यांनाही हेच सांगते. आमच्या वस्तीतल्या एका आजींना अक्षरओळख नाही. नात वाचते, त्या भाजी निवडत ऐकतात आणि मध्ये मध्ये म्हणतात, "थांब, तो कुठून आला आता? आणि मग ती काय म्हणाली?" नातीला मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं. माझ्या शनिवारच्या वर्गात ती मुलगी सर्वांत समजून वाचते. त्याचं श्रेय मी त्या आजींना देते.

पुस्तकं कुठली घ्यायची? धड्यापलीकडचं काहीतरी घरात हवंच. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही छोटी पुस्तकं आई, बाबा, आजी, आजोबा अशा घरच्याच माणसांवर आहेत. त्यातली चित्रं शब्दांपलीकडचं बरंच सांगतात, म्हणून 'हे तुला कसं कळलं?' विचारायला ती उत्तम. त्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी वाचन-पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या मोबाइलवरही उघडतात, पैसे पडत नाहीत. मूल ज्या पातळीला सहज वाचतं तिथूनच सुरुवात करा. शेजारचं मूल कुठल्या पातळीला आहे ते बघू नका.

रोज दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. आज रात्री जेवणं झाली की मुलाकडून चार ओळी वाचून घ्या. चुका लगेच दुरुस्त करू नका. पुस्तक मिटा, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय दिसलं?" मग ते सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.